प्लास्टरमधला हात आणि बडगामची ती दुपार

आधी त्या हाताबद्दल सांगतो.

मेजर सोमनाथ शर्मा, ४ कुमाऊँ म्हणजे कुमाऊँ रेजिमेंटची चौथी बटालियन, वय २४. हॉकी खेळताना डाव्या हाताला लागलेलं आणि हात प्लास्टरमध्ये. अशा माणसाला खरं तर कोणी लढाईवर पाठवत नाही, पण आपली कंपनी काश्मीरला निघालीये म्हटल्यावर हे हटूनच बसले, मी पण जाणार. घरात फौजीच वातावरण, वडील आर्मीत डॉक्टर, स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या आराकानला लढून आलेले, मग काय, परमिशन मिळाली आणि ३१ ऑक्टोबर १९४७ ला ते विमानाने श्रीनगरला उतरले.

आता नकाशात श्रीनगरचा विमानतळ बघा. २६ तारखेला महाराजा हरिसिंगांची विलीनीकरणावर सही, २७ ला आपली पहिली तुकडी डाकोटा विमानांतून उतरली आणि त्यानंतर माणूस काय, दारूगोळा काय, सगळं याच एका धावपट्टीवर. ती गेली की श्रीनगर गेलंच समजा. बडगाम तिथून अगदी जवळ.

३ नोव्हेंबरला तीन कंपन्या बडगामकडे गस्तीला गेल्या. सगळं शांत होतं म्हणून त्यातल्या दोन कंपन्या दुपारी परत निघाल्या आणि मागे राहिली फक्त शर्मांची डी कंपनी. अडीचच्या सुमारास गावातल्या घरांमधून गोळ्या यायला लागल्या, पण आत साधी माणसं असतील म्हणून शर्मांनी तिकडे उलट फायर करू दिला नाही. खरा हल्ला आला तो दुसरीकडून, पाकिस्तानातून काश्मीरवर चालून आलेले टोळीवाले नाल्यात गुपचूप जमले होते, ते शेकडोंनी एकदम वर आले, एकाला सात असं प्रमाण, तीन बाजूंनी मारा, मॉर्टर वेगळेच.

शर्मा उघड्या मैदानातून एका तुकडीकडून दुसरीकडे पळत होते. वर आपली विमानं आलेली, त्यांना शत्रू कुठे ते कळावं म्हणून गोळीबारातच जमिनीवर कापडाच्या पट्ट्या अंथरल्या. माणसं पडायला लागली तशा लाइट मशीनगन थंडावल्या, मग हे स्वतः मॅगझिन भरायला बसले. ब्रेन गनचं, म्हणजे त्याच लाइट मशीनगनचं, मॅगझिन म्हणजे एकेक गोळी स्प्रिंगवर दाबून आत सरकवायची, धड दोन हात असले तरी बोटं दुखतात, इथे एक हात प्लास्टरमध्ये! कंपनी कमांडरचं हे काम नाहीच खरं, पण भरायला दुसरं होतं कोण?

हेडक्वार्टरला वायरलेसवर निरोप गेला, शत्रू ५० यार्डांवर आहे, पण मी एक इंचही मागे हटणार नाही, शेवटच्या माणसापर्यंत आणि शेवटच्या गोळीपर्यंत लढू. थोड्याच वेळात शेजारच्या दारूगोळ्यावर मॉर्टरचा गोळा येऊन पडला.

साहेब गेले तरी कंपनी जागेवरच. टोळीवाले सहा तास बडगामलाच अडकले आणि तेवढ्यात आपल्या नव्या तुकड्या विमानतळाजवळच्या हुमहामाला मोर्चे धरून बसल्या. विमानतळ वाचला.

नंतर मृतदेह ओळखला तो पिस्तुलाच्या कातडी होल्स्टरवरून आणि खिशातल्या गीतेच्या पानांवरून.

देशाचं पहिलं परमवीर चक्र शर्मांना मिळालं. ते पदक डिझाइन केलं होतं सावित्रीबाई खानोलकरांनी, जन्माने युरोपातल्या, लग्नाने मराठी, नवरा विक्रम खानोलकर आर्मीत. आणि योगायोग बघा, सोमनाथ शर्मा नात्याने त्यांच्या मुलीचे दीर.