भूल द्यायला कोण आहे?

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय 'स्वतंत्र भारतातील तज्ज्ञ वैद्यकीय सेवांची वाटचाल'. तो मी घेणारच आहे. पण तीस वर्षं मी मराठवाड्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यामुळे ही वाटचाल मी पाहिली ती रुग्णाच्या उशाजवळून. सर्जन पोटाशी उभे असतात, आम्ही डोक्याशी. तिथून काय दिसतं ते आधी सांगते.

आमच्या कामाला मराठीत शब्द मोठा गोड आहे. भूल. गर्भपिशवी काढायला आलेल्या एक आजी टेबलावर आडव्या झाल्या आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "बाई, भूल देणार म्हंजी मी समदंच इसरणार का? सुनेकडं किल्ल्या दिल्यात, तेवढं ध्यानात ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, राहील. दोन तासांनी आजींनी डोळे उघडले आणि पहिला शब्द काढला, "किल्ल्या." तुम्ही हसताय, त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो. पण एखाद्या भूलतज्ज्ञाला विचारा, तो शब्द ऐकून काय वाटतं. श्वास नीट, रक्तदाब नीट, मेंदू नीट, आणि घरची काळजीही जागच्या जागी.

बरा झालेला रुग्ण पेढे घेऊन सर्जनकडे जातो. आमचा चेहरा त्याच्या लक्षात नसतो, कारण तो झोपलेला असतो. त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. कागदावर पदं ठरवणाऱ्यांनीही आम्हाला विसरावं, हे मात्र मला आजही सहन होत नाही.

आणि हे कुठे घडतंय बघा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली निजाम सरकारच्या खर्चाने क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधावर दोन आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख. त्यांचा आग्रह असा, की क्लोरोफॉर्म देताना नाडीपेक्षा श्वासाकडे बघा. क्लोरोफॉर्म हृदयालाही धोका करतो हे पुढे सिद्ध झालं, म्हणजे लॉरींचं सगळं म्हणणं टिकलं नाही. पण त्यांच्या हाताखाली एक पारशी मुलगी शिकली, रूपाबाई फर्दुनजी. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे त्या एडिंबरालाही शिकून आल्या. शाळेत आपण आनंदीबाई शिकतो, रखमाबाई शिकतो. रूपाबाई मला एम.डी.च्या वर्गातही कुणी शिकवल्या नाहीत. चाळिशी उलटल्यावर त्या मला कळल्या, आणि आपल्या मातीत ही परंपरा शंभर वर्षांची आहे हे कळून मी त्या रात्री झोपले नाही.

आता ती रात्र सांगते, जिच्यामुळे मी आज इथे उभी आहे.

साल १९९६, श्रावण. मी जिल्ह्याच्या ठिकाणी होते. रात्री दोनला बोलावणं आलं. काळीपिवळी जीपमधून एक बाई आली होती, दुसरं बाळंतपण, मूल आडवं, हात बाहेर आलेला. साठ किलोमीटर रस्ता, त्यात पावसाने पूल पाण्याखाली, वळसा घालून साडेतीन तास. वाटेतच कधीतरी गर्भपिशवी फाटली होती. नाडी हाताला लागेना. मी भुलीचं केटामिन दिलं, श्वासनलिकेत नळी टाकली, दोन्ही हातांना सलाईन लावलं. तिच्या भावाचं रक्त जुळलं म्हणून ती वाचली. मूल गेलेलंच होतं. पिशवी काढावी लागली.

पहाटे बाहेर आले तर सासू व्हरांड्यात बसलेली. रडत नव्हती. मला म्हणाली, "आमच्या तालुक्याला नवा दवाखाना झालाय. दिवा हाय, टेबल हाय, बाळंतपणाच्या डाक्टरीणबाईबी हायेत. मंग त्येंनी आमाला हितं कशापायी धाडलं?"

मला उत्तर माहीत होतं, पण तिला सांगता येईना. पुढच्या आठवड्यात मी स्वतः त्या ग्रामीण रुग्णालयात गेले. ओटी, म्हणजे शस्त्रक्रियेची खोली, सुंदर होती. टेबलावर प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच. भूल द्यायचं बॉयल मशीन खोक्यात. प्रसूतितज्ज्ञ बाई तरुण, हुशार, रुजू होऊन अकरा महिने झालेले, आणि अकरा महिन्यांत सिझेरियन एकही नाही. त्या माझ्यासमोर रडल्या. "मॅडम, हात विसरायला लागलेत," म्हणाल्या. भूल द्यायला माणूस नव्हता. रजेवर नव्हता, बदलून गेला नव्हता. ते पदच तिथे नव्हतं.

का नव्हतं? तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा जो जुना निकष होता, त्यात तज्ज्ञ चार: सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ. एक लाख वीस हजार लोकसंख्येमागे असं एक रुग्णालय, डोंगरी आणि आदिवासी भागात ऐंशी हजारांमागे. चौघांतल्या दोघांचं निम्मं काम सुरी हातात घेतल्याशिवाय होत नाही, आणि रुग्णाला झोपवणारा पाचवा माणूस यादीतच नाही! पुढे निकष सुधारले, भूलतज्ज्ञ आला. पण तोवर किती टेबलांवरचं प्लॅस्टिक तसंच राहिलं असेल?

मग मी दर बुधवारी एसटीने तिथे जायला लागले. सहाची गाडी, टिफिन, पिशवीत नळी टाकताना लागणारा लॅरिंगोस्कोप आणि माझा स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर, कारण तिथे नव्हता. चार वर्षं गेले. बुधवारी हर्निया व्हायचे, पिशव्या व्हायच्या, ठरवलेली सिझेरियन व्हायची. गावात लोक 'बुधवारचं आपरेशन' म्हणायचे. पण आडवं मूल बुधवार बघून येत नाही. गुरुवारी रात्री आलेली बाई पुन्हा जीपमध्येच बसायची.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. आता वाटचाल भरभर घेते.

१९४६ चा भोर समितीचा अहवाल हा आपल्या आरोग्यव्यवस्थेचा पाया. प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यातून आली, पहिली २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झाली. दिल्लीचं एम्स १९५६ चं, राजकुमारी अमृत कौर यांच्या जिद्दीचं, न्यूझीलंडच्या मदतीने उभं राहिलेलं. टाटा मेमोरियल तर १९४१ पासून आहे. शिखरं आपण उत्तम बांधली. त्याच भोर समितीने एलसीपीएस, एलएमपी हे छोटे अभ्यासक्रम बंद करून सगळे डॉक्टर एकाच पदवीचे असावेत असं म्हटलं. काही सदस्यांनी तेव्हाच वेगळं मत नोंदवलं होतं. मला ते सदस्य बरोबर वाटतात, पण त्यावर बोलायला दुसरी संध्याकाळ लागेल.

पुढे गरिबांच्या उपचारांचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१२ ला आठ जिल्ह्यांत, २०१३ ला राज्यभर. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने आहे. पैशाची अडचण तिने खरंच कमी केली. २०१४ ला १०८ ची रुग्णवाहिका आली, काळीपिवळीतला प्रवास थांबला. मी त्या गाडीला मनापासून हात जोडते. पण गाडी नेते कुठे? २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या ग्रामीण रुग्णालयांत त्या चार तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. याच काळात वैद्यकीय महाविद्यालयं २०१४ च्या ३८७ वरून सातशेच्या पुढे गेली. म्हणजे डॉक्टर घडताहेत, तालुक्याला पोचत नाहीत. एकटा पोचला तर त्या प्रसूतितज्ज्ञ बाईंसारखा हात विसरतो.

माझं म्हणणं एवढंच. नेमणूक जोडीने करा. सर्जन किंवा प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ, एकाच आदेशात, बदलीही एकत्र. भूलतज्ज्ञ मिळत नसेल तर एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांत जीवरक्षक भूल शिकवायचा सरकारी अभ्यासक्रम आहे. मी त्यात शिकवलंय. मुलं छान तयार होतात. पण माझ्या एका विद्यार्थ्याची बदली ओटीच नसलेल्या केंद्रात झाली, तेव्हा मी संचालकांपर्यंत पत्रं लिहिली. दुसरं, खाटा मोजू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५ च्या आयोगाने रुग्णालय जोखायला तीन शस्त्रक्रिया सांगितल्यात: सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरवरचे उपचार. या तीन आमच्याकडे रात्री दोनला होतात की नाही, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर फळ्यावर लिहा. रोज लिहा.

रक्ताचं राहिलंच. जिल्ह्याच्या रक्तपेढीतून तालुक्याच्या साठवण केंद्रात पिशवी कशी येते, वीज गेली तर फ्रीजचं काय, रात्री त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते. अध्यक्ष उभे राहिले आहेत. प्रश्नोत्तरांत कुणीतरी हे विचारा, मी थांबलेय.