सहा वाजून गेले

२१ मे २०११, शनिवार. न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर. सहाचा ठोका जवळ आलाय आणि गर्दीत साठीचा एक माणूस उभा आहे. शहराच्या वाहतूक खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभराच्या पुंजीतले १ लाख ४० हजार डॉलर त्यानं जाहिरातींवर घातलेत. आज महाभूकंप होणार, कयामतीचा दिवस आला, एवढंच त्या जाहिराती सांगत होत्या.

सहा वाजतात. मग सहा वाजून पाच मिनिटं होतात. भोवतीची पोरं हसतात, मोबाइल त्याच्यावर रोखतात. आपल्याला काहीच उमगत नाही, एवढंच तो पत्रकारांना सांगतो.

तारीख त्याची नव्हती. ती आली होती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून, ‘फॅमिली रेडिओ’वरून. रेडिओचे सर्वेसर्वा हॅरल्ड कॅम्पिंग, वय ८९, पेशानं सिव्हिल इंजिनिअर. समोर बायबल, खर्जातला संथ आवाज, आणि फोनवर श्रोत्यांचे प्रश्न.

त्यांचा हिशेब बघण्यासारखा आहे. ५ म्हणजे प्रायश्चित्त, १० म्हणजे पूर्णत्व, १७ म्हणजे स्वर्ग. तिघांचा गुणाकार ८५०, त्याचा वर्ग ७ लाख २२ हजार ५००. येशूला क्रूसावर चढवलं तो दिवस धरायचा १ एप्रिल ३३, आणि तिथून तेवढे दिवस पुढे मोजायचे. गुणाकार बिनचूक आहे, इंजिनिअरच तो! पण स्वर्ग १७च का, हे कोण विचारणार?

भूकंप म्हणे प्रत्येक देशात तिथल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला होणार होता. आपल्या मुंबईत सहा वाजले तेव्हा ओकलंडमध्ये पहाटेचे साडेपाच झाले होते. न्यूझीलंडमध्ये तर केव्हाच रात्र पडली होती. कॅलिफोर्नियाला जाग येण्याआधीच निकाल लागला होता.

बरं, ही पहिली खेप नव्हे. सप्टेंबर १९९४ची तारीखही त्यांनीच दिली होती, तीही कोरडीच गेली.

दोन दिवसांनी कॅम्पिंग पुन्हा माइकसमोर बसले. न्याय झालाच, म्हणाले, फक्त तो आत्मिक होता, डोळ्यांना दिसला नाही. जग बुडेल ते २१ ऑक्टोबरला. लोकांच्या देणग्या परत करणार का, असं पत्रकारांनी विचारलं. शेवट अजून यायचाय, मग परत कशाला करायच्या, हा त्यांचा सूर.

जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ऑक्टोबरही सरला. आणि मार्च २०१२ मध्ये श्रोत्यांच्या नावे पत्र निघालं: तारीख सांगणं चूक होतं, पाप होतं. इतकी कबुली फार थोडे देतात, हे मान्य करायला हवं. पण त्याच पत्रात पुढे असंही आहे की, या चुकीमुळे देवाला कितीतरी लोकांचं लक्ष वेधून घेता आलं. म्हणजे पावती फाडली ती देवाच्या नावानं.

देणग्या आटल्या. मोठ्या शहरांतली स्टेशनं विकावी लागली, कर्मचाऱ्यांना घरी बसवलं गेलं. डिसेंबर २०१३ मध्ये कॅम्पिंग गेले. त्यांचे जुने कार्यक्रम मात्र लागतच राहिले. तोच खर्जातला आवाज, तोच संथ सूर. फॅमिली रेडिओनं तो बंद केला २०१८ मध्ये.