वार्धक्य संशोधनात पहिल्या पिढीचे विद्यार्थी

प्राध्यापक मित्रहो, वृद्धांच्या पाहणीत स्मरणशक्तीची एक साधी चाचणी असते. दहा शब्द वाचून दाखवायचे, आजींना लगेच म्हणायला सांगायचे, मध्ये दुसरे प्रश्न घ्यायचे आणि काही वेळाने तेच शब्द पुन्हा विचारायचे. मेळघाटात जिचं सगळं आयुष्य कोरकू या आदिवासी भाषेत गेलं, तिला ही यादी मराठीत ऐकवली तर ती तीन-चार शब्दांवर अडेल. कागदावर नोंद होईल ‘स्मरण कमी’. प्रत्यक्षात मोजलं गेलं तिचं मराठी. ही चूक आकडे तपासताना दिसत नाही. कोरकू बोलणाऱ्या विद्यार्थिनीला ती पहिल्याच घरात कळते. म्हणून पाड्यांवरची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली, घरात प्रथमच कॉलेजात पोचलेली मुलं या क्षेत्रात हवीत, आणि ती फक्त दुभाषी म्हणून नकोत.

त्यांची तयारी पहिल्या वर्षापासूनच सुरू करा. यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घ्यायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे गुण सुरुवातीलाच इंग्रजी पुस्तकांपायी घसरतात, आणि पाचव्या सत्रात कितीही जोर लावला तरी सरासरी वर येत नाही.

दुसऱ्या वर्षी हातात स्टॉपवॉच द्या. चालण्याचा वेग मोजायला चार मीटरची सपाट जागा आखून घ्यायची, आणि पलीकडे आणखी मीटरभर मोकळी ठेवायची. ती नसली की माणूस शेवटच्या रेषेआधीच वेग कमी करतो. ‘चला’ म्हणताच घड्याळ दाबणं ही नेहमीची चूक. पहिलं पाऊल हललं की दाबायचं. चार मीटरला पाच सेकंद म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर, आणि अशक्तपणा ठरवताना अनेकदा हीच सीमा धरतात. इथे घड्याळ अर्धा सेकंद आधी दाबलं तरी सशक्त माणूस अशक्तांत जाऊन बसतो. नेहमीची काठी घेऊनच चालू द्यायचं, मात्र तशी नोंद करायची.

वय विचारणं याहून अवघड. जन्मदाखला नसला की साठ, पासष्ट, सत्तर अशी गोल उत्तरं येतात. मुलांनी घटनांची पट्टी बनवावी: १९६१चा पानशेतचा पूर, १९६७चा कोयनेचा भूकंप, १९७२चा दुष्काळ. ‘दुष्काळात खडीच्या कामावर होतात तेव्हा थोरला किती वर्षांचा होता, आजी?’ असा प्रश्न त्या घरातलं मूलच सहज विचारतं. स्मरणाच्या चाचणीतल्या ‘आज तारीख काय?’ या प्रश्नाचंही तसंच. ‘श्रावण, शुद्ध पंचमी’ हे उत्तर बरोबर धरायचं की नाही, ते गावात जाण्याआधी लेखी ठरवा. १९९५ साली हरियाणातल्या बल्लभगढच्या पाहणीतून निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यामागे हाच विचार होता.

संमती घेताना वाचता न येणाऱ्याचा अंगठा आणि निःपक्ष साक्षीदाराची सही, दोन्ही लागतात. सरपंचाला साक्षीदार करू नये. त्याच्यासमोर ‘नको’ म्हणणं वृद्धांना जड जातं.

तिसऱ्या वर्षी तयार आकडे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची ‘लासी’ ही वार्धक्यावरची देशव्यापी पाहणी, २०१७-१८ची पहिली फेरी, ७२ हजारांहून अधिक लोकांची आहे. रीतसर अर्ज केला की माहिती मिळते. मुलं दोन ठिकाणी हमखास चुकतात. पाहणी ४५ आणि त्यापुढच्या वयाची असली तरी जोडीदार कोणत्याही वयाचा घेतला आहे, त्यामुळे तरुण बायकाही यादीत येतात. त्यांना आधी वेगळं काढायचं. दुसरं, छोट्या राज्यांतून त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त माणसं निवडली आहेत. भारांक, म्हणजे प्रत्येक माणसाची नोंद लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने धरायची तो आकडा, न लावता काढलेली देशाची सरासरी चुकीचीच येणार.

आणि पैसा. बिनपगारी उन्हाळी प्रशिक्षणात तीच मुलं टिकतात ज्यांना सुट्टीत मजुरीला जावं लागत नाही. बाकीची गळतात, आणि आपण म्हणतो त्यांना आवड नाही. विद्यावेतन दरमहा, महिन्याच्या सुरुवातीला द्या. प्रवासखर्च आगाऊ द्या. बिल जोडा, मग तीन महिन्यांनी मिळेल, ही पद्धत त्यांना परवडत नाही.

शब्दांची यादी कोरकूत नेणं, दुसऱ्याकडून ती उलट मराठीत आणून ताडून पाहणं, दहाही शब्द वृद्धांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत का ते तपासणं, हे संशोधनच आहे. ते ज्या विद्यार्थिनीने केलं, तिचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये घाला, आभारात नव्हे. पीएचडीच्या मुलाखतीत तिला तेच दाखवता येईल.