डबल्स म्हणजे अर्धोच खेळ मां?

(मालवणात एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

आत येताना एका आजोबांनी मला दारातच धरलं आणि विचारलं, "सर, सानिया चांगली, पण डबल्स म्हणजे अर्धोच खेळ मां?" सानिया म्हणजे आपली टेनिसवाली सानिया मिर्झा, आणि डबल्स म्हणजे दोघींनी जोडीने खेळायचं टेनिस, एकटीने खेळतात ते सिंगल्स. आजोबा पुढच्याच रांगेत बसलेत, तर सुरुवात तिथूनच करूया.

आजोबा, तुम्ही रापण ओढलीय ना? दोन बाजूंना दोन दोऱ्या, एका बाजूचे अंगात आल्यासारखे ओढत सुटले नि दुसरे मागे राहिले की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. डबल्स तसंच. सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, डबल्सचं ३६, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला १८ फूट, कागदावर सोपंच दिसतं, पण समोरच्या बॉल मारतात तो नेमका दोघींच्या मधोमध, आणि तू घे की मी घेते हे बोलायला तिथे वेळच नसतो.

सानिया सिंगल्समध्ये काय कमी होती असं नाही हां. २००५ ला हैदराबादची स्पर्धा जिंकली, यूएस ओपनच्या चौथ्या राउंडपर्यंत गेली, २००७ ला रँकिंग २७. पण मनगट दगा देत राहिलं, ऑपरेशन झालं, आणि शेवटी २०१३ मध्ये तिने सिंगल्स सोडलं. तेव्हा बऱ्याच जणांनी, खोटं कशाला बोलू, मीसुद्धा, म्हटलं की झालं, संपलं आता. खरं तर तिचा फोरहँड तसाच होता, तोफेसारखा, फक्त एकटीने अख्खं कोर्ट पळायची गरज उरली नव्हती.

मार्च २०१५ ला जोडीला आली मार्टिना हिंगिस. १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी सिंगल्सची नंबर वन झालेली बाई, नेटजवळ तिचे हात म्हणजे जादू. सानियाने मागून ठोकायचं, उलट आलेला लुळा बॉल हिंगिसने पुढे अलगद मारायचा. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन, लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या आणि १३ एप्रिलला सानिया डबल्समध्ये जगात पहिली, भारतातली पहिलीच बाई.

आणि मग विम्बल्डनची फायनल. समोर रशियाच्या माकारोवा नि वेस्निना. पहिला सेट गेला ५-७, दुसरा ६-६ बरोबरी झाल्यावर टायब्रेकवर कसाबसा काढला, तिसऱ्यात २-५ ने मागे. मी टीव्हीसमोरून उठून चहा ठेवायला गेलो होतो, सांगतो खरं ते. परत येतो तर ५-५! अंधार पडत आला म्हणून खेळ थांबवून छप्पर बंद केलं, दिवे लावले, आणि परत आल्यावर या दोघींनी ७-५ ने मॅच घेतली. चहा उतू गेला तो गेलाच.

पुढे यूएस ओपन, मग २०१६ चं ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकलं, लागोपाठ ४१ मॅच हरल्या नाहीत. फेब्रुवारीत दोह्याला ती साखळी तुटली, फ्रेंच ओपनला तिसऱ्याच राउंडमध्ये बाहेर, आणि ऑगस्टमध्ये जोडी फुटली. गंमत बघा, त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या फायनलला दोघी नेटच्या दोन बाजूंना, वेगवेगळ्या पार्टनर घेऊन, आणि सानियाची जोडी जिंकली. आपल्याकडे वाटण्या झाल्यावर दोन भाऊ बांधावर समोरासमोर उभे राहतात ना, अगदी तसं.

पण वर्षअखेरच्या सिंगापूरच्या स्पर्धेला जोडी म्हणून दोघी आधीच पात्र ठरल्या होत्या. मग चुली वेगळ्या झाल्या तरी चतुर्थीला सगळे मूळ घरातल्या एकाच गणपतीपुढे जमतात, तशा आल्या परत एकत्र खेळायला. सेमीफायनलला हरल्या. कुणाकडून? त्याच माकारोवा-वेस्निनाकडून.