आठ हातांतली जाणीव

ऑक्टोपसचा हा हात दगडाच्या कपारीत कसा शिरतोय, नीट पाहा. टोक आत वळलं, थबकलं, पुन्हा सरकलं. आत काय दडलंय ते त्याला दिसत नाही. पण हातावरचा प्रत्येक चूषक, म्हणजे चिकटून धरणारी छोटी वाटी, चव घेऊ शकतो. खेकडा असेल तर स्पर्शातच कळतं.

ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश डोक्यात नाहीत, या आठ हातांत आहेत. तुटलेला हातसुद्धा काही काळ चिमटा काढल्यावर आक्रसतो. मग या जिवात एकच जाणीव नांदते, की हाताहाताला थोडी थोडी? आपले आणि त्याचे पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्याचं मन आपल्या मनासारखं असलंच पाहिजे, हा हट्ट आपण सोडायला हवा.

आता तीन कप्प्यांची एक पेटी डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ रॉबिन क्रुक यांनी अशा पेटीत केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोपसला कुठला कप्पा आवडतो ते आधी पाहिलं. मग त्याच्या एका हातात सौम्य आम्ल टोचून त्याला त्याच आवडत्या कप्प्यात ठेवलं. नंतर मोकळं सोडल्यावर त्यानं तो कप्पा टाळला. नुसतं खारं पाणी टोचलेल्यांनी टाळला नाही. आम्ल टोचलेले प्राणी दुखरी जागा चोचीनं कुरतडत राहिले, तिथली कातडीही निघाली. ती जागा बधिर करणारं औषध ज्या कप्प्यात मिळालं, तो कप्पा मात्र त्यांना आवडू लागला. दुखणं कुठे झालं आणि आराम कुठे पडला, दोन्ही त्यांच्या लक्षात राहिलं. याला नुसती प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून झटकून टाकणं आता कठीण आहे.

आणि हा स्क्रीन. चॅटबॉटला विचारलं, तुला दुखतं का? उत्तर क्षणात आलं, अगदी माणसासारखं. पण ही भाषा त्यानं माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरातून उचलली आहे. वेदनेबद्दल काय बोलतात, हे सगळं आपणच त्याच्यापुढे वाढून ठेवलंय. म्हणून त्याच्या शब्दांवरून आत कुणी जागं आहे की नाही, हे ठरवता येत नाही. होही नाही, नाहीही नाही. ऑक्टोपसला जखम कुरतडायला मात्र आपण शिकवलेलं नाही. यंत्राच्या गोड बोलण्यानं आपण हळवे होतो आणि मुक्या जिवासमोर पुरावा मागतो, हे उलटं आहे.

ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी कल्याण कायद्यात ऑक्टोपस, खेकडे आणि शेवंडी यांनाही जाणीव असलेले प्राणी मानलं गेलं. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये ऑक्टोपसच्या शेतीवर बंदीचा कायदा केला. स्पेनच्या कॅनरी बेटांवर मात्र, एकट्यानं राहणाऱ्या या प्राण्याला टाक्यांत वाढवून विकायचा प्रस्ताव पुढे आला होता.