फूल ना फुलाची पाकळी नको, आकडा सांगा

ही जी झोपडी दिसतेय ना तुम्हाला, ही पुण्यातल्या कर्वेनगरची. आता आजूबाजूला सगळ्या बिल्डिंगा, शाळा-कॉलेजच्या बसेस, दुपारी युनिफॉर्ममधल्या मुलींची ही गर्दी. पण १९०० साली इथे हिंगण्याचा माळ होता आणि एवढी एकच झोपडी, तिच्यात काही विधवा बायका आणि मुली राहायच्या, शिकायच्या. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे एक प्रोफेसर रोज शिकवणं झालं की गावातून पायी इथे यायचे. धोंडो केशव कर्वे. आपण अण्णा म्हणतो, महर्षी म्हणतो, पण आज मला त्यांच्याबद्दल बोलायचंय ते वेगळ्या कारणासाठी. पैसे कसे मागायचे यासाठी. खरंच सांगते, मी स्वतः एका छोट्या संस्थेत काम करते, आणि पैसे मागणं या विषयावर मला जे काही कळलंय त्यातलं निम्मं याच माणसाकडे बघून कळलंय.

आधी दोन आकडे सांगते. १९०० साली रावबहाद्दूर गणेश गोविंद गोखले यांनी कर्व्यांच्या आश्रमाला इथली ६ एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. आणि १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला देणगी जाहीर केली १५ लाखांची. १५ लाख, १९२० साली! मधे वीस वर्षं. तर या वीस वर्षांत नेमकं काय झालं, हा माझा प्रश्न आहे, कारण आमच्यासारख्या सगळ्या छोट्या संस्था ७५० रुपयांपाशीच कुठेतरी अडकून पडलेल्या आहेत.

आपल्याकडे मागायची एक पद्धत आहे, तुम्ही पण ऐकली असेल आणि वापरली पण असेल. "फूल ना फुलाची पाकळी द्या हो." गणपतीची वर्गणी असो, देवळाचा जीर्णोद्धार असो, आजारी माणसासाठी मदत असो, वाक्य हेच. ऐकायला किती नम्र वाटतं. पण मागणारा असं म्हणाला की देणाऱ्याला कळतच नाही हो, की याचं नक्की अडलंय कशापायी. मग तो पाकळीच देतो. त्याची काय चूक?

माझंच सांगते. आमचं मुलींचं वसतिगृह आहे वेल्ह्याच्या बाजूला, डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवरच्या ३२ मुली, पाचवी ते दहावी. चार वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कारखानदार काकांकडे गेले, सत्तरीच्या आसपासचे, आमच्या एका शिक्षिकेच्या ओळखीतून वेळ मिळाली होती. मी लॅपटॉपवर चाळीस स्लाइड्स घेऊन गेले होते. संस्थेचा इतिहास, उद्दिष्टं, फोटो, पेपरातली कात्रणं सगळं. काकांनी शांतपणे सगळं बघितलं, चहा आला, चहा झाला, आणि मग त्यांनी सरळ विचारलं, "ताई, माझ्याकडून नक्की काय पाहिजे तुम्हाला?" आणि मी म्हणाले, "जे जमेल ते, काका. फूल ना फुलाची पाकळी."

त्यांनी ११ हजारांचा चेक लिहिला. मी खूप आभार मानले, आणि बसमधे बसल्यावर मला रडू आलं, कारण मला माहिती होतं की आम्हाला तेव्हा १४ लाख ६० हजार लागणार होते आणि तो आकडा माझ्या तोंडातून बाहेरच पडला नव्हता. लाज वाटली. आकडा सांगितला तर माणूस काय म्हणेल, हावरट म्हणेल, पहिल्याच भेटीत एवढे मागते म्हणेल.

आता कर्व्यांकडे परत येऊ. त्यांनी वीस वर्षं काय केलं, तर आधी स्वतःचं घातलं. स्वतःची पाच हजारांची विमा पॉलिसी आश्रमाच्या नावावर करून टाकली, आणि घरात बाया कर्वे म्हणजे आनंदीबाई, त्यांना काय वाटलं असेल ते कुठल्याही संसारी बाईला विचारा. स्वतः विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडला गावाने बहिष्कार टाकलेला माणूस, त्याच्यावर लोकांनी पैशासाठी विश्वास का ठेवावा? तर हिशेबासाठी. कोणी एक रुपया दिला तरी त्याची नोंद, त्याची पावती, वर्षाच्या शेवटी अहवाल. गणिताचा माणूस शेवटी. ७५० रुपये देणाऱ्याला त्या ७५० चं काय झालं हे दाखवत दाखवतच तो १५ लाखांपर्यंत जाऊन पोचला, असं मला वाटतं.

आणि एकटा माणूस नव्हता हा. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले, त्या स्वतः विधवा, त्यांनी आश्रमासाठी गावोगाव फिरून भाषणं करून निधी गोळा केला, आणि नंतर थेट अमेरिकेत गेल्या, तेही इंग्रजी धड येत नसताना, तिथे घरकामं करून राहिल्या. त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करायचाय मला, इथे दोन ओळीत उरकतेय याचं वाईट वाटतंय.

मग १९१५. मुंबईत सामाजिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष कर्वे, आणि जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती त्यांच्या हाती आलेली होती, ती वाचून त्यांनी आपल्याकडेही बायकांसाठी विद्यापीठ हवं हे मांडलं. १९१६ ला सुरू पण केलं, इथेच, हिंगण्यात. म्हणजे बघा, हातात काय होतं, तर एक कल्पना आणि बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनी. पण कल्पना नेमकी होती. मराठीतून, आपापल्या भाषेतून बायकांना उच्च शिक्षण, त्यासाठी विद्यापीठ. कोणालाही दोन वाक्यात सांगता येईल अशी.

आणि विठ्ठलदास ठाकरसी जपानला जाऊन आले, तिथलं महिला विद्यापीठ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देणारा माणूस तुमच्या कामापर्यंत त्याच्या स्वतःच्या वाटेने येतो. तुम्ही त्याला ओढत आणू शकत नाही, तुम्ही फक्त तो येईल तेव्हा तिथे तयार असायला पाहिजे, काम चालू, हिशेब चोख, आणि काय हवंय हे स्पष्ट. कर्वे तयार होते.

देणगी कशी होती ते पण ऐका, कारण मोठी देणगी म्हणजे कोणीतरी पोतं आणून रिकामं करतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. १५ लाखांचं मुद्दल एकदम हातात नाही आलं, साडेतीन टक्क्यांप्रमाणे त्याचं व्याज, वर्षाला ५२,५०० रुपये, असं ठरलं. अटी होत्या. विद्यापीठाला आईचं नाव द्यायचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. मुख्य कार्यालय मुंबईला न्यायचं, ते पुढे १९३६ ला गेलं. आज आपण नुसतं एसएनडीटी म्हणतो, लाखो मुलींच्या डिग्रीवर ही अक्षरं आहेत, आणि ती एका आईची आहेत हे बऱ्याच जणींना माहितीच नसतं. सर विठ्ठलदास १९२२ मधेच गेले, पन्नाशीही झाली नव्हती. पुढे त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. म्हणजे देणगी एकदाची नव्हती, अख्खं घर त्या कामात आलं.

नाव देण्यावरून आमच्या क्षेत्रात लोक फार नाकं मुरडतात. पाटीवर नाव कशाला, गुप्तदान करावं वगैरे. मला नाही पटत. माणसाला आईचं नाव कुठेतरी राहावं असं वाटणं यात कमीपणा काय आहे? आपल्याकडे घाटाच्या पायऱ्यांवर, देवळाच्या ओवरीत, शाळेच्या वर्गांवर शेकडो वर्षं नावं कोरलेली आहेतच की. फक्त नावाबरोबर जर कामाची दिशाच बदलायला सांगितली, तर मात्र थांबायचं. तेवढं भान पाहिजे.

तर मी दीड वर्षाने परत त्या काकांकडे गेले. मधल्या काळात तीन वेळा त्यांना कळवलं होतं, त्यांच्या ११ हजारांतून काय आणलं, सोलापुरी चादरी आणल्या होत्या, त्याचं बिल आणि फोटो, व्हॉट्सॲपवर, बस. काही मागितलं नाही. आणि या वेळी गेले ते मागायला नाही, बोलवायला. म्हटलं काका, एकदा येऊन बघा.

ते पहाटे निघून आले, डिसेंबर होता. साडेपाचला मागच्या बाजूला चूल पेटलेली, त्यावर मोठं पातेलं, आणि मुली बादल्या घेऊन रांगेत. पातेल्यातलं पाणी दहा-बारा जणींना पुरतं, मग परत भरायचं, परत तापवायचं, शेवटच्या मुली गार पाण्याने उरकतात कारण शाळेची वेळ होते. धुराने डोळे चुरचुरतात. एक सातवीतली पोरगी एका हातात पुस्तक धरून रांगेत वाचत होती, दुसऱ्या हातात बादली, मधेच पुस्तक काखेत घालून बादली पुढे सरकवायची. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मी काहीही बोलले नाही. चाळीस स्लाइड्समधे हे कुठेच नव्हतं.

निघताना ते म्हणाले, "माझी मोठी बहीण सातवीतच थांबली. गावात पुढे शाळा नव्हती, आणि वसतिगृह नव्हतं." एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

मग तिसरी भेट. या वेळी एकच कागद. चार न्हाणीघरं, सोलर हीटर, वर अभ्यासाची खोली, प्रत्येकाचं कोटेशन, एकूण १४ लाख ६० हजार. मी म्हटलं, "काका, यातले १० लाख तुम्ही द्यावेत असं मला वाटतं." आणि गप्प बसले. हे सगळ्यात अवघड आहे, तुम्ही करून बघा, आकडा सांगून झाल्यावर तोंड बंद ठेवणं. आपण लगेच "नाही जमलं तरी चालेल हां" म्हणून स्वतःच आपलं मागणं मागे घेतो. पंखा फिरत होता, बाहेर मशीनचा आवाज. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "सोलर बिघडलं तर दुरुस्तीला पैसे कुठून आणणार?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, आधीच काढून ठेवलं होतं. आणि मग त्यांनी हो म्हटलं, दोन हप्त्यात, दुसरा हप्ता स्लॅब पडल्यावर.

थोडं कामाचं पण सांगते, कारण नवीन संस्थावाले हमखास इथे चुकतात. "टॅक्स वाचेल" हे सांगून सुरुवात करू नका. ज्याला आपण सगळे ८०जी म्हणतो ती देणगीवरची करसवलत नव्या कररचनेत मिळतच नाही, आणि आता बरेच लोक नव्यातच आहेत. सीएसआर, सीएसआर सगळे करतात, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च, पण कायद्याने २ टक्के खर्च करायचं बंधन फक्त मोठ्या कंपन्यांना आहे, म्हणजे नक्त नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी असं असेल तर. भोसरीतला साधा कारखानदार त्यात बसत नाही, तो देतो ते स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या मनाने. आणि परदेशातले आपले लोक, न्यू जर्सीचा चुलतभाऊ वगैरे, त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ठीक, पण अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर तुमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी पाहिजे, नाहीतर ते पैसे घ्यायचेच नाहीत. भाऊ असला तरी.

कर्वे १५ लाखांनंतर थांबले का? १९२९ ला सत्तरी ओलांडलेला हा माणूस बोटीत बसला, युरोप, अमेरिका, जपान, आणि नंतर परत आफ्रिका, मोंबासा, युगांडा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका, तिथल्या भारतीय लोकांना भेटत विद्यापीठासाठी निधी जमवत फिरला. एवढ्या मोठ्या देणगीनंतरसुद्धा दर गावात नवा माणूस, नवी ओळख, परत पहिल्यापासून सांगायचं, आणि मागायचं.

आमची न्हाणीघरं मागच्या वर्षी झाली. पाटीवर काकांनी फक्त बहिणीचं नाव टाकायला सांगितलं, आडनाव नको म्हणाले. मे महिन्यात देणगीचं सर्टिफिकेट तयार झालं ते मी कुरियरने न पाठवता स्वतः घेऊन गेले. त्यांनी ते न बघताच ड्रॉवरमधे टाकलं आणि विचारलं,

"शेवटच्या मुलीला पण गरम पाणी मिळतंय ना?"