सरड्याची वही

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'पवनचक्क्या आणि उत्क्रांती'. त्यावर येणारच आहे. पण आधी वहीबद्दल बोलू द्या, कारण वहीशिवाय उत्क्रांतीबद्दल बोलायला माझ्याकडे काही नाही.

आपल्या पठारांवरचा पंखावाला सरडा तुम्ही पाहिला असेल. एप्रिल-मे महिन्यात दगड तापला की नर त्यावर चढतो आणि गळ्याखालचा पडदा फटकन उघडतो. निळा, काळा, केशरी! सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या जातीचं नाव सरडा सुपर्बा. २०१६ साली हे नाव दिलं आणि प्रजातीचं, म्हणजे अशा जातींच्या गटाचं, नाव सरळ आपल्या मराठी शब्दावरून घेतलं. जगात कुठलाही शास्त्रज्ञ या प्राण्याबद्दल लिहील तेव्हा त्याला 'सरडा' म्हणावंच लागेल. त्याच वेळी याच्या एका भाऊबंदाला डार्विनचं नाव मिळालं, सरडा डार्विनी. मला याचा फार आनंद होतो.

मी विद्यापीठातल्या गटात दाखल झाले तेव्हा पहिला महिना नुसता सरफास टाकायला शिकण्यात गेला. लांब काठी, टोकाला तंगूसचा फास. सरडा काठीला घाबरत नाही, माणसाला घाबरतो. फास हळूच डोक्यावरून सरकवायचा आणि उचलायचा. मग लांबी, वजन, गळ्याचा रंग. रक्त घ्यायचं असेल तर पकडल्यापासून तीन मिनिटांच्या आत, कारण नंतर ताणाचं संप्रेरक वाढतं आणि मोजलेला आकडा सरड्याचा न राहता आपण दिलेल्या भीतीचा होतो.

माझ्या आधी त्या पठारावर एका ताईनं चार उन्हाळे काढले होते. सरड्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन कोण कुठल्या दगडावर बसतो, माणूस किती जवळ आला की पळतो, हे तिनं रोज लिहिलं. नोकरी लागल्यावर ती गेली आणि वह्या कपाटात राहिल्या. एका सुट्टीत खोलीला रंग द्यायचा निघाला. कपाट रिकामं झालं, वह्या रद्दीत गेल्या. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मी परत आले तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या.

मी रद्दीवाल्याकडे गेले. दोन तास गठ्ठे सोडवले तेव्हा एक वही मिळाली, मागची पानं फाटलेली. तिच्यातली एक ओळ अजून पाठ आहे: 'सकाळी ९.२०. नर. पिवळा ठिपका. कालचाच दगड. सहा पावलांवर पळाला.' बाकीच्या वह्यांत काय होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. ते उन्हाळे परत येत नाहीत, मंडळी. यंत्र मोडलं तर नवीन आणता येतं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीये, तेव्हा भरभर सांगते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी काम केलं, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांखाली पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. ते माणसाला जवळ येऊ देतात, त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, पण अंगानं ते रोडावलेले आणि गळ्याचे रंग फिकट. शिकारी कमी, पण खाणारी तोंडं वाढली.

आता ही उत्क्रांती का? अजून म्हणता येत नाही. कमी खायला मिळालं म्हणूनही रंग उतरेल. तो फिकेपणा पिल्लांत उतरतो का, हे कळायला दोन्हीकडची पिल्लं एकसारख्या ठिकाणी वाढवायला हवीत, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या मोजायला हवं. गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्यानं १९७३ पासून तेच केलं. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, जाड चोचीचे फिंच पक्षी जास्त तगले आणि पुढच्या पिढीच्या चोचीही जाड निघाल्या. हे दिसलं, कारण दुष्काळाआधीची मापं वहीत होती! त्या वर्षांत मोजमापं घेणारा पीटर बोग तेव्हा विद्यार्थी होता. विद्यार्थी येतात, जातात. एकाची नोंद दुसऱ्याच्या हातात पडते तोवरच तो गट असतो.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. आमच्या अनुदानाची धाव तीन वर्षांपर्यंत, आणि नैसर्गिक निवडीला दरवेळी इतकी घाई नसते. म्हणून माझी मागणी एवढीच: प्रत्येक विद्यापीठात क्षेत्रवह्यांचं एक कुलूपबंद कपाट आणि त्याची नोंदवही. खर्च एका कपाटाचा.

पुढच्या रविवारी आम्ही पठारावर जातोय. सरडे ऊन चढल्यावर बाहेर येतात, तेव्हा नऊपर्यंत वर पोचा. टोपी आणि पाणी तुमचं, वही मी आणते. जाताना प्रत्येकानं तिच्यात एक ओळ लिहायची, वेळ घालून.